आईसाठी साधा, बटणवाला छोटा कॅमेरा घ्यायचा आहे, ८ हजारांत कोणता घ्यावा?

पऱ्हाटी (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांपासून इथलं वाचून राहिलो, लिहून पहिल्यांदाच राहिलो. मला एक साधा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे, बटण दाबलं की फोटो निघतो तसला, लेन्स बदलायचा मोठा नाही. बजेट ८ हजार, त्यातच कार्ड, सेल सगळं बसलं पाहिजे. कॅमेरा माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो नाहीतर सगळे म्हणतील मोबाईल घे ना बाप्पा.

आई ५८ ची आहे. आमचं ७ एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. तिचं सारं आयुष्य निंदणात अन् वेचणीत गेलं, बोटांची कातडी इतकी जाड झाली अन् चिरा पडल्या की मोबाईलच्या स्क्रीनवर तिचं बोट लागतच नाही. खरंच लागत नाही. ती एकदा टेकवते, दोनदा टेकवते, मग जोर लावते, तरी काही नाही, अन् मग एकदम भलतंच काहीतरी उघडते. तोवर वासरू उठून गेलेलं असते. मग फोन माझ्या हातात देते अन् म्हणते तूच काढ. पण मी दिवसभर यवतमाळले कामावर, घरी येतो तवा अंधार पडलेला असते.

अन् तिला नजर आहे हो. मागच्या उन्हाळ्यात मामाच्या इथं लग्न होतं, तिथं फोटोवाल्या पोरानं त्याचा जुना छोटा कॅमेरा तिच्या हातात दिला, असाच, घ्या मावशी तुम्ही पण काढा म्हणून. तिनं मांडवामागं जाऊन चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आठ-दहा फोटो काढले. मी ते पाहिले अन् पाहतच राहिलो. धुरातून येणारी उन्हाची तिरीप, एका बाईच्या कपाळावरचा घाम, डोकं कुठंच कापलेलं नाही, चौकट एकदम बरोबर. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन वर्षांआधी माझा फोन अचानक बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं सांगितलं बोर्ड गेला, आतलं काही निघत नाही. त्यात आजीचे शेवटच्या पोळ्याचे फोटो होते, बैलाच्या तोंडात पुरणपोळी देताना. कॉपी कुठंच नव्हती. आई मला त्यावरून कधी बोलली नाही, पण यंदाच्या पोळ्याला बैल दारात आले तवा हळूच विचारलं, तो फोटो आता निघतच नाही का रे. म्हणून या वेळी मला असं काही पाहिजे की फोटो कार्डात राहतील अन् दर महिन्याला छापून आणता येतील.

तिला काढायचं काय तर घरचंच. वासरू, नातू, तुळस, पऱ्हाटीची बोंडं, वेचणीच्या बाया, तान्ह्या पोळ्याची पोरं. आता विचारायचं असं की नवा घ्यावा का सेकंडहँड? ऑनलाइन ३-४ हजारांत '४८ मेगापिक्सेल' लिहिलेले नवे कॅमेरे दिसून राहिले ते कसे असतात? अन् आमच्या इथं उन्हाळ्यात ४५ च्या वर जाते, लाइनचा काही भरवसा नाही, त्यात टिकन असा सांगा.

---

वरोरा_रोड

भाऊ तुमचं वाचून बरं वाटलं, पण खरं सांगायचं तर ८ हजारात मी अजूनही फोनच म्हणीन. कारण असं की या छोट्या कॅमेऱ्यांत जो सेन्सर (ज्यावर फोटो उमटतो तो तुकडा) असतो तो बहुतेक १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान. आजच्या साध्या फोनमध्येही साधारण त्याच्या आसपासचाच असतो, पण फोन एका क्लिकमध्ये तीन-चार फोटो काढून आतल्या आत जोडतो, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात, घरातल्या ट्यूबलाइटखाली फोनचा फोटो स्वच्छ येतो अन् जुन्या छोट्या कॅमेऱ्याचा दाणेदार. हे मान्य करूनच कॅमेरा घ्या, नाहीतर घेतल्यावर वाईट वाटन.

बोट न लागण्याचं कारण म्हणजे टचस्क्रीन दाबानं चालत नाही, कातडीतून जी अगदी बारीक वीज जाते-येते त्यावर चालते. कातडी जाड अन् कोरडी झाली की स्क्रीनला बोट आहे हेच कळत नाही, म्हणून जोर लावून उपयोग नसतो. बोट ओलसर केलं तर लागते. दुसरं म्हणजे बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटणानं फोटो निघतो, ते आईला दाखवलं का?

अन् एक लक्षात ठेवा, ई-पीक पाहणी (पेऱ्याची सरकारी नोंद) करायची तर फोटो त्यांच्या ॲपमधूनच, जागेच्या नोंदीसकट लागतो. तिथं हा कॅमेरा कामाचा नाही. त्यामुळे फोन घरात लागनच.

---

पऱ्हाटी

दादा आवाजाचं बटण करून पाहिलं. फोटो निघतो, पण तिथपर्यंत पोचायले फोनचं लॉक उघडा, कॅमेरा शोधा, हे सारं परत बोटानंच. लॉक बोटाच्या ठशानं उघडत नाही, तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत, रेशनच्या दुकानातही अंगठा लागत नाही, चार-चार वेळा पुसून लावावा लागते. अन् फोटो काढता काढता कोणाचा फोन आला की सगळं गेलं. तिला एकच वस्तू पाहिजे जी एकच काम करते. ई-पीक पाहणी मी माझ्या फोनवरून करतो, त्याचं टेन्शन नाही.

---

काया_वावर

भाऊ, मोबाईलचं राहू दे, मायले कॅमेराच घेऊन दे. माह्याजोळ दोन होते, दोन्हीचं खरं खरं सांगतो.

पयला सोनीचा डब्ल्यू ८००. नवा घेतला होता. हातात घेतला तं सव्वाशे ग्राम, खिशात हाय का नाई समजत नाई. ५ पट झूम, फोटो दिवसा उजेडी एकदम झकास. पण त्याची बॅटरी सपाट, कंपनीची, चार वर्षात फुगली. फुगली म्हणजे झाकणच बसे ना. वरिजनल कुठी भेटली नाई, मंग दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीची आणली तं ४० फोटोत खलास. कॅमेरा चांगला, पण बॅटरीपायी पडून हाय. अन् तिचं चार्जिंग कॅमेऱ्यातच होते, म्हणजे रातच्याले लाइन गेली का सकाळी कॅमेरा बंद, दुसरी बॅटरी लावाले बी पाहिजे ना.

दुसरा कॅननचा पॉवरशॉट एस एक्स १५०, २०११ सालचा, सेकंडहँड घेतला. जाड हाय, वजनदार हाय, पण त्यात लागते दोन पेन्सिल सेल, एए वाले. आजही चालू हाय भाऊ. म्हणून माहं म्हणणं एकच, जो घेशीन तो पेन्सिल सेलचा घे. आपल्या खेड्यात किराण्यात बी सेल भेटते.

पण सेलमंदी बी गोम हाय ते नीट आयक. किराण्यात जो साधा स्वस्तातला सेल भेटते, घड्याळाचा, रिमोटचा, तो कॅमेऱ्याले चालत नाई. टाकला का पाच-दहा फोटोत कॅमेरा म्हणते बॅटरी संपली, अन् लोकाइले वाटते कॅमेराच बिघडला. त्याले अल्कलाइन लिहिलेला सेल लागते. अन् रोज वापराचं असन तं चार्जिंगचे घे, निकेल मेटल हायड्राइडचे, २००० एमएएचच्या (सेलात किती वीज मावते तो आकडा) आसपास लिहिलेलं असते. चार घे, दोन कॅमेऱ्यात, दोन चार्जरले. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा असते अन् साधा १.५ चा, म्हणून काही कॅमेऱ्यात, निकॉन कूलपिक्समंदी तं असतेच, मेनूत सेलचा प्रकार निवडा लागते, नाई निवडला तं भरलेला सेल बी अर्धाच दाखोते. एक नवा एक जुना असा जोडा कधी लावू नको. अन् पावसायात महिना दोन महिने वापरणार नसशीन तं सेल बाहेर काढून ठेव, साधा सेल आत पाझरला का पत्त्या हिरव्या पडते अन् कॅमेरा जाते.

आता धुयीचं. आपली काई माती वाऱ्यानं उडते ती पिठावानी बारीक. लेन्स बाहेर येते-जाते त्या नळीत ती गेली का कर्र आवाज करून लेन्स अडकते, स्क्रीनवर लेन्स एरर येते अन् मंग काहीच होत नाई. माह्या भाच्याजोळ एक होता, तुरीचं मयणीयंत्र चालू असताना जोळ उभं राहून फोटो काढत होता, तिथंच गेला. दुरुस्तीवाला म्हणे नळी बदला लागन, तेवढ्यात दुसरा कॅमेरा येते. म्हणून मायले सांगजो, मयणी चालू असन, वावटळ असन, कापसाचे तूस उडत असन तं लेन्स उघडायची नाई. घरी डब्यात ठेवाचा, झाकण घट्ट लागते तसल्या, वरून स्वच्छ फडकं.

उन्हाचं म्हणशीन तं या कॅमेऱ्याइच्या पुस्तकात बहुतेक ४० डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असते. आपल्या इथं मे महिन्यात ते सकाळी ११ लेच ओलांडते. वापराले काही होत नाई, पण गाडीच्या डिक्कीत, टिनाच्या खाली ठेवू नको. मधल्या खोलीत ठेव.

---

सारस_नवेगावबांध (गोंदिया)

पऱ्हाटी भाऊ, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आमच्याकडे धानाची शेती अन् तळी, त्यामुळे सारस पक्षी बघायला म्हणून मी कॅमेरा घेतला आणि आता शाळेतली मुलंच जास्त वापरतात. तुमच्या आईचं वाचून मला माझी आजी आठवली, ती पण रोवणीच्या हातांनी फोन धरायची.

माझं म्हणणं मेगापिक्सेलबद्दल, म्हणजे फोटोत किती ठिपके असतात त्याबद्दल आहे. दुकानदार सगळ्यात आधी तोच आकडा सांगतात. साधा ४ बाय ६ इंचाचा फोटो छापायला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. भिंतीवर लावायचा ८ बाय १२ चा मोठा फोटो चांगला छापायचा तरी ९ मेगापिक्सेलमध्ये होतो. म्हणजे २०१० चा १० किंवा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा तुमच्या आईच्या अल्बमला पुरून उरतो. हे कळलं की सेकंडहँडमध्ये खूप पर्याय मोकळे होतात.

झूमचं पण बघा. डब्यावर दोन आकडे असतात, ऑप्टिकल आणि डिजिटल. ऑप्टिकल म्हणजे भिंग खरंच पुढे-मागे सरकतं. डिजिटल म्हणजे फोटो कापून मोठा करतात, ते घरी कम्प्युटरवर पण होतं. दुसरा आकडा वाचूच नका. आईला वासरू, नातू, बाया काढायच्या म्हणजे ४-५ पट ऑप्टिकल भरपूर झालं. मला सारसासाठी जास्त लागलं, कारण त्याच्या जवळ गेलं की तो उडतो आणि जाऊही नये.

हात हलणं ही खरी अडचण. दिवसभर वेचणी केलेला हात संध्याकाळी थोडा थरथरतोच. काही कॅमेऱ्यांत भिंगच हललेला हात सावरून घेतं, काहींत नसतं. एकाच कंपनीचे दोन जवळचे मॉडेल बघा, कॅननचा इक्सस १८५ आणि इक्सस १९०, दिसायला सारखे, दोघांत २० मेगापिक्सेल, पण १८५ मध्ये ते भिंगाचं सावरणं नाही आणि १९० मध्ये आहे, वर १९० मध्ये वायफाय पण आहे. नव्यासारखा लिथियम बॅटरीवाला घ्यायचा ठरला तर दोघांत १९० शोधा. काया_वावर दादा म्हणतात ती बॅटरीची गोष्ट मात्र त्यालाही लागू आहे.

आणि आईला एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बटण एकदम खटकन दाबायचं नाही. अर्धं दाबायचं, बीप होऊ द्यायचं, मग पुरतं दाबायचं. या कॅमेऱ्यांना नेम धरायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, तोवर वासरू हललेलं असतं. अर्धं दाबून थांबलं की नेम आधीच धरलेला असतो, मग पुरतं दाबल्याबरोबर फोटो निघतो. आमच्या शाळेतल्या पोरांनी शंकरपटाचे फोटो असेच काढले, जोडी जिथून जाणार त्या जागेवर आधी नेम धरून ठेवला आणि जोडी आली की दाबलं. वीस फोटोंत तीन चांगले आले, पण आले.

रात्रीचं मात्र वरोरा_रोड दादांचं खरं आहे. आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, मी एकदा मांडवात मागे बसून फ्लॅश लावून काढत होते, सगळे फोटो काळे आणि पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी पांढरी. या छोट्या फ्लॅशचा उजेड तीन-साडेतीन मीटरच्या पुढे जात नाही. आईला सांगा, फ्लॅश घरातल्या माणसापुरता.

---

दारव्ह्याचा_स्टुडिओ

बेटा, मी २८ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. ३६ फोटोंच्या रोलपासून सुरुवात केली, आता मुलगा बघतो, मी दुरुस्तीचं थोडंफार करतो.

सगळ्यात आधी ते ३-४ हजारांचे '४८ मेगापिक्सेल' वाले. घेऊ नको. माझ्याकडे असे सहा-सात आले दुरुस्तीला, उघडून पाहिले. आत अगदी स्वस्त फोनमधला किंवा वेबकॅमसारखा बारीक सेन्सर असतो, तो काढतो त्या फोटोला ताणून मोठं करतात अन् ४८ लिहितात. भिंग हलतच नाही, म्हणजे नेम एकाच अंतरावर पक्का केलेला, जवळचं सगळं धूसर. '१६ पट झूम' लिहितात ते सगळं डिजिटल. फ्लॅशच्या जागी साधा एलईडी दिवा. लहान लेकराला खेळायला ठीक आहे, तुझ्या आईला नाही. तिची नजर त्यात वाया जाईल.

आता जुना घ्यायचा तर कार्ड आधी बघायचं. जुने ऑलिम्पस अन् फुजीफिल्म एक्सडी कार्डावर चालायचे, ते कार्ड आता मिळवणं म्हणजे शोधाशोध. जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते. तसले कितीही स्वस्त मिळाले तरी नको. एसडी कार्डाचा घे. त्यातही २००६-०७ च्या आधीचे कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत. २०१० च्या पुढचा असला की ३२ जीबीपर्यंत निर्धास्त. तुला १६ जीबीचं पुरेल, २० मेगापिक्सेलचे सुद्धा दोन हजारांवर फोटो बसतात.

हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण लोक नुसता बाहेरून चकचकीत आहे का ते बघतात. नवे अल्कलाइन सेल स्वतःचे घेऊन जा. विकणाऱ्याच्या संपत आलेल्या सेलवर कॅमेऱ्याचं काहीच कळत नाही. सेलचं झाकण उघडून पत्त्यांवर हिरवं-पांढरं साचलंय का बघ, झाकणाची खाच तुटलेली नाही ना तेही बघ, पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यांची खाच हमखास तुटते, मग रबर लावून फिरावं लागतं. मग कॅमेरा चालू-बंद दहा वेळा कर, झूम पुढे-मागे कर, कान जवळ लाव, आवाज एकसारखा यायला हवा, मध्ये करकरला तर ठेवून दे. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा काढ, एकाच जागी काळा डाग दिसला तर आत धूळ गेली आहे. भिंगात टॉर्च मारून तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना धरते, अन् ती वाढतच जाते. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश उडवून बघ. कार्ड काढून कम्प्युटरवर फोटो उघडून बघ, तिथल्या तिथे. एवढं केलंस तर फसणार नाहीस.

मॉडेल विचारशील तर तुझ्या आईसाठी मला एकच सुचतो, कॅनन पॉवरशॉट ए १२००. २०११ चा, १२ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेल. यात एक गोष्ट आहे जी नंतरच्या छोट्या कॅमेऱ्यांतून गेली, डोळा लावून बघायचं भोक. शेतात दुपारी बाराच्या उन्हात कोणत्याच स्क्रीनवर काही दिसत नाही, फोनच्या पण नाही अन् कॅमेऱ्याच्या पण नाही. भोकाला डोळा लावला की दिसतं. अन् डोळ्याला टेकवल्याने कपाळाचा आधार मिळतो, हात कमी हलतो, कारण त्यात भिंगाचं सावरणं नाही. एवढंच सांगून ठेव की एकदम जवळचं, बोंड, फूल, भोकातून काढायचं नाही, तिथं स्क्रीन बघायची, कारण भोक अन् भिंग वेगवेगळ्या जागी असतात, जवळून काढताना फोटो बाजूला सरकतो.

---

वरोरा_रोड

काकांनी भोकाचं सांगितलं ते माझ्या ध्यानातच नव्हतं. उन्हातली स्क्रीन ही खरंच मोठी अडचण आहे. मी माझं म्हणणं अर्धं मागं घेतो, शेतात फोटो काढणाऱ्या माणसाला हा चांगला.

---

पऱ्हाटी

मंडळी, महिना झाला, घेतला एकदाचा.

ए १२०० च मिळाला. दोन आठवडे शोधत होतो, यवतमाळात नाही, मग अमरावतीच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडं दोन पडून आहेत असं कळलं. रविवारी एसटीनं गेलो, खिशात चार अल्कलाइन सेल अन् टॉर्च घेऊन. पहिल्याची झूम करकरली, काकांनी सांगितलं तशीच, तो परत ठेवला. दुसऱ्याला आभाळाच्या फोटोत डाग नाही, भिंगात धागे नाही, फ्लॅश बरोबर. २,८०० ला दिला. चार्जिंगचे चार सेल अन् चार्जर १,५०० च्या आत, १६ जीबीचं कार्ड माझ्याजवळ होतंच. म्हणजे साडेचार हजारांच्या आत सगळं झालं, उरलेल्या पैशातून फोटो छापायचे ठरवलं आहे.

आईच्या हातात दिला तवा तिनं आधी पदरानं हात पुसले. मी सांगायच्या आधीच डोळा भोकाला लावला. म्हणाली आमच्या लग्नात फोटोवाला असाच पाहत होता. अर्धं बटण दाबायचं मी शिकवलं, पहिल्या दिवशी तिला अर्धं अन् पुरतं यातला फरक बोटाला कळत नव्हता, मग मी म्हटलं बीप बीप ऐकू येईस्तोवर हळू दाब, तर आवाजावरून जमलं. आता बरोबर जमते. बटण आहे ना, खरंखुरं, दाबलं की खाली जाते, तिच्या बोटाला कळते.

यंदाच्या सीतादहीच्या (कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या) दिवशी ती कॅमेरा वावरात घेऊन गेली, डब्यात, काया_वावर दादा म्हणाले तसा. दहीभात ठेवलेलं पान, पहिलं वेचलेलं बोंड हातात धरलेली काकू, मागं काळी जमीन. संध्याकाळी मी कार्ड लावून पाहिले, ६१ फोटो. नातू दहीभात खाताना एक आहे, त्याच्या नाकाला दही लागलेलं, तो मी माझ्या टेबलावर लावणार आहे. ४० छापून आणले, ४ बाय ६ चे, आई रात्री दिव्याखाली एक एक करून कितीतरी वेळ पाहत बसली, काकूला बोलावून दाखवले. सारे फोटो मी कम्प्युटरवर टाकले अन् वेगळ्या पेनड्राइव्हवर पण टाकले, यावेळी दोन जागी.

एक अडचण आहे. कापसाच्या ढिगाचे फोटो राखाडी येऊन राहिले, पांढरा शुभ्र कापूस मळका दिसते. अन् काळ्या जमिनीवर बाबा पांढऱ्या धोतरात उभे आहेत त्यात धोतर नुसतं पांढरं फटफटीत, चुण्याच दिसत नाहीत. कॅमेऱ्यात काही बिघाड तर नाही ना?

---

दारव्ह्याचा_स्टुडिओ

बिघाड नाही बेटा. कॅमेऱ्याला कापूस काय अन् माती काय कळत नाही. त्याला समोरचं सगळं मधल्या उजेडाचंच असेल असं वाटतं. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो, म्हणून कापूस राखाडी. काळं जास्त असलं की उजेड वाढवतो, म्हणून धोतर फटफटीत. वरची चकती ऑटोवरून पी वर आण, तिथं अधिक-उणेची खूण असलेली सेटिंग आहे. कापसाच्या ढिगाला अधिक एक. काळ्या जमिनीवरच्या पांढऱ्या माणसाला उणे एक. परत आल्यावर शून्य करायला विसरायचं नाही. अन् दुपारी टोपीखाली, पदराखाली चेहरा काळा येत असेल तर उन्हात सुद्धा फ्लॅश चालू ठेवायचा, दोन-अडीच मीटरच्या आत उभं राहून.

---

सारस_नवेगावबांध (गोंदिया)

भाऊ, आईला अधिक-उणे लक्षात ठेवायला जड जाईल असं वाटलं तर डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवा, कापसाचं चित्र काढून पुढे +१, धोतराचं चित्र काढून पुढे -१. आमच्या पहिलीच्या मुलांसाठी मी असंच केलंय. आणि तो दहीभाताचा फोटो छापून आणाल तेव्हा इथे पण टाका ना.

---

पऱ्हाटी

ताई, झाकणाला कागद लावला आज. चित्रं आईनंच काढली, बोंडाचं लय सुंदर काढलं. उद्या बाबाले परत धोतर घालून वावरात उभं करणार म्हणते, सेल आत्ताच चार्जरले लावून ठेवले.